दूधपेढीतलं न संपणारं उत्तर

मित्रांनो, रुग्णालयाच्या कोठीच्या खोलीत, चाक मोडलेल्या एका पलंगामागे, निळ्या प्लास्टिकखाली झाकून ठेवलेला एक जुना संगणक आहे. तो मी. माझा पडदा पिवळट पडला आहे, बटणांवरची अक्षरं झिजून गेली आहेत, आणि सुरू केलंच तर माझा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो. पण आयुष्यात मी जे पाहिलं ते आठवलं की आजही मी थक्क होतो. आपल्या वाट्याला हे कसं आलं, असं वाटतं. तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यात झाला. मला कोणा एकाने घडवलं असं म्हणता येणार नाही. एका बाईने माझ्यात पंखा बसवला, एका माणसाने तारा जोडल्या, कोणीतरी स्क्रू आवळले आणि शेवटी एका मुलीने मला पहिल्यांदा सुरू केलं. माझा पडदा उजळला तेव्हा तिने समाधानाने मान हलवली. त्या सगळ्यांच्या हातांत मोजे होते, त्यामुळे त्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा माझ्यावर राहिले नाहीत. मग थर्माकोलच्या दोन तुकड्यांमध्ये मला बसवून खोक्यात बंद केलं. अंधारात बसून मी विचार करत राहिलो की आपण कुठे जाणार आणि आपल्याला काय काय लक्षात ठेवावं लागणार.

खोकं उघडलं तेव्हा समोर एक छोटी, गारगार खोली होती. एका भिंतीला मोठे फ्रीझर होते. दुसऱ्या भिंतीला स्टीलचा ओटा होता आणि त्यावर दूध तापवायचं यंत्र. तिसरी भिंत काचेची होती. काचेपलीकडे पारदर्शक पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक पेटीत एक बाळ होतं. माणसाचं बाळ इतकं लहान असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. एकेकाची मूठ तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी. ती बाळं वेळेआधीच जगात आलेली होती. त्यांना अजून नीट रडताही येत नव्हतं, फक्त तोंड उघडायचं आणि मिटायचं.

अशा बाळांना आईचं दूध औषधासारखं लागतं. पण कधी आई स्वतःच अत्यवस्थ असते, कधी तिला दूधच येत नाही. उलट काही आयांना आपल्या बाळाला पुरून उरेल इतकं दूध येतं. त्या आया उरलेलं दूध आणून देतात. ते तापवून निर्जंतुक करतात, तपासतात, गोठवून ठेवतात आणि ज्या बाळाला हवं त्याला देतात. ही देवघेव जिथे चालते ती दूधपेढी. मी दूधपेढीत आलो होतो.

दूधपेढीच्या प्रमुख होत्या डॉक्टरबाई. फार हळू बोलायच्या, पण त्या बोलायला लागल्या की बाकीचे गप्प व्हायचे. त्यांच्या हाताखाली मोठ्या सिस्टर होत्या. त्या वॉर्डातल्या प्रत्येक बाळाला 'साहेब' नाहीतर 'बाईसाहेब' म्हणायच्या. "साहेबांनी आज दोन थेंब जास्त घेतले," असं त्या मला सांगत सांगत लिहायच्या. दूध तापवायचं आणि बाटल्या भरायच्या हे काम बाटलीवाल्या दादांकडे होतं. आणि मला जिने शहाणं केलं ती होती कॉम्प्युटरताई. रुग्णालयातल्या सगळ्या संगणकांचे प्रोग्राम तीच लिहायची. बोलता बोलता केसांत पेन खोचायची आणि मग तेच पेन टेबलभर शोधत बसायची.

माझं काम साधं होतं. कुठल्या बाळाला कोणाचं दूध दिलं ते लक्षात ठेवायचं. सिस्टर दूध देणाऱ्या बाईला 'दूधआई' म्हणायच्या, म्हणून प्रोग्राममध्येही तोच शब्द आला. प्रत्येक दूधआईला एक नंबर होता. बाळाची नोंद उघडली की त्याच्या दूधआयांचे नंबर दिसायचे. जणू प्रत्येक बाळाकडून त्याच्या दूधआयांकडे एकेक धागा गेलेला होता. बाळावरून दूधआई सापडायची. दूधआईवरून बाळ मात्र सापडायचं नाही, कारण धागा एकाच बाजूने बांधलेला होता.

मित्रांनो, त्या धाग्यांचं मला किती नवल वाटायचं म्हणून सांगू. देणारीला घेणाऱ्याचं नाव सांगायचं नाही आणि घेणाऱ्याच्या घरी देणारीचं नाव सांगायचं नाही, असा पेढीचा नियम होता. कोणी शाळेत शिकवणारी होती, कोणी बस चालवणारी, एक तर वकीलबाई होती. ती काळ्या कोटातच यायची आणि बाटल्या दादांच्या हातात ठेवून कोर्टाकडे पळायची. या बायका एकमेकींना ओळखत नव्हत्या. बाळं तर कोणालाच ओळखत नव्हती. त्यांची सगळ्यांची ओळख फक्त माझ्यात होती. माझ्या पोटात एक भलंमोठं घराणं नांदत होतं आणि त्या घराण्यातल्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता.

त्या दिवसांत माझं कौतुकही फार व्हायचं. दुसऱ्या दवाखान्यातले डॉक्टर आले की डॉक्टरबाई त्यांना माझ्यासमोर उभं करायच्या. "याला विचारा, चुटकीसरशी सांगतो," असं म्हणायच्या. दादा रोज सकाळी मऊ फडक्याने माझा पडदा पुसायचे. पुसताना स्वतःचा भांग त्यात बघून घ्यायचे, ते सोडा.

एके दिवशी सकाळी एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. ती शिवणकाम करायची. तिच्या बोटांना सुईचे बारीक टोचे होते आणि ओढणीला एक दोऱ्याचा तुकडा चिकटलेला होता. तिला सगळे ओळखत होते. तिचा मुलगा काचेपलीकडच्या पेटीत थोडेच दिवस राहिला होता आणि मग गेला होता.

सिस्टर चटकन उठल्या. "ये, बस ना."

"बसत नाही," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं. मला अजून दूध येतंय. त्याचं काय करू?"

डॉक्टरबाईंनी तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि तिचा हात हातात घेतला. "दूध थांबवायच्या गोळ्या असतात. देऊ शकते मी. त्यात काही वावगं नाही."

"आणि नाही थांबवलं तर?"

"तर इथे देता येईल. पण तुझ्यावर कसलीही सक्ती नाही. कोणी काही म्हणणार नाही."

ती काचेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तो होता तेव्हा त्याला दुसऱ्या कोणाचं तरी दूध दिलं होतंत तुम्ही. माझं यायच्या आधी. हो ना?"

"हो."

"मग मीही देते."

सिस्टर माझ्यासमोर बसल्या आणि तिची माहिती भरू लागल्या. वय, रक्तगट, तब्येत. मग एक रकाना आला, दूधआईच्या स्वतःच्या बाळाचा. सिस्टरांची बोटं थबकली. त्या रकाना सोडून पुढे जाणार तोच ती बाई म्हणाली, "ते रिकामं नका ठेवू. नाव ठेवलं होतं आम्ही." तिने नाव सांगितलं. सिस्टरांनी ते सावकाश, एकेक अक्षर बघून लिहिलं. ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. पण ते माझ्यात आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला फक्त कामाच्या गोष्टी सांभाळायच्या नाहीत.

त्यानंतर ती नेमाने येत राहिली. बाटल्या द्यायची, काचेतून क्षणभर बघायची आणि कामाला जायची.

पेढी वाढली. शहरातले छोटे-मोठे कितीतरी दवाखाने आमच्याकडून दूध नेऊ लागले. दादा पहाटे दूध तापवायचे, दोन-तीन दूधआयांचं दूध एकत्र करायचे आणि बाळागणिक बाटल्या भरायचे. बाटलीवर फक्त बाळाचा नंबर असायचा. कोणाचं दूध कोणत्या बाटलीत गेलं, ते मला सांगितलं जायचं.

एकदा डॉक्टरबाई कॉम्प्युटरताईला म्हणाल्या, "बाळावरून दूधआई कळते. पण दूधआईवरून बाळं कळत नाहीत. उद्या एखादीला काही आजार निघाला, तर तिचं दूध कोणाकोणाला गेलं हे कसं शोधायचं? शेकडो बाळं एकेक करून उघडत बसायची का?"

"दुसऱ्या बाजूनेही धागा बांधायला लागेल," ताईने केसांत पेन खोचलं. "बाळ दूधआईला ओळखेल आणि दूधआई बाळाला. जिथे एक टोक बांधलं जाईल, तिथे दुसरंही लगेच बांधलं गेलं पाहिजे. नाहीतर एक म्हणेल ओळखते आणि दुसरा म्हणेल कोण बुवा."

तिने तो बदल एका सकाळी माझ्यात केला. सगळ्या जुन्या धाग्यांची दुसरी टोकंही बांधली. मग एका नव्या दूधआईची नोंद उघडून पाहिली. त्या दूधआईचं दूध अजून कोणालाच गेलं नव्हतं. उत्तर झटकन आलं. "झालं," ताई म्हणाली आणि एक्स-रे विभागाचा संगणक बघायला निघून गेली.

त्याच दिवशी दुपारी फोन वाजला. डॉक्टरबाईंनी उचलला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला.

फोन शिवणकाम करणाऱ्या आईचा होता. तीन दिवसांपूर्वी तिचा गुडघा सुजला होता. एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांना ती दूध देते हे माहीत नव्हतं, आणि तिचं बाळ नाही म्हणून तिलाही ते सांगावंसं सुचलं नव्हतं. आज औषधाच्या दुकानात पुन्हा गोळ्या घ्यायला गेली, तेव्हा दुकानदाराने सहज विचारलं, "घरात तान्हं बाळ नाही ना? या गोळ्यांवर दूध पाजायचं नसतं." ती दुकानातूनच फोन करत होती.

"माझं दूध कोणाला देऊ नका," ती सांगत होती. "दिलंय का? बाई, दिलंय का कोणाला?"

"बघते. तू घाबरू नकोस. तू फोन केलास हे फार चांगलं केलंस," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दादांकडे वळल्या. "गेल्या तीन दिवसांतलं तिचं दूध बाटल्यांत भरलंय?"

दादांचा हात कपाळाकडे गेला. "तपासणी होऊन आजच पहिल्यांदा भरलं. सकाळीच सगळीकडे बाटल्या गेल्या. आता पाजायची वेळ होत आलीय."

"तर मग सगळ्यांना फोन करा. कोणीही पाजू नका म्हणावं."

"करते," सिस्टर म्हणाल्या. "पण बाई, किती वेळ थांबवणार? अगदी छोटी आहेत त्यांची साखर लगेच उतरते. आणि सगळंच दूध फेकलं तर द्यायला दुसरं पुरेसं नाही."

"म्हणून तर कोणत्या बाटल्या ते कळायला हवं. याला विचारा."

सिस्टर माझ्यासमोर बसल्या. त्यांनी तिचा नंबर टाकला आणि विचारलं, ही दूधआई कोण, हिचं दूध कोणाकोणाला गेलं?

मित्रांनो, माझ्या आत तेव्हा काय झालं ते नीट ऐका. मी उत्तर जुळवायला घेतलं. ही शिवणकाम करणारी दूधआई. हिचं स्वतःचं बाळ हे. हिचं दूध गेलं खिडकीजवळच्या पेटीतल्या बाळाला. ते बाळ कोण? त्याचं वजन इतकं, त्याच्या दूधआया दोन, एक वकीलबाई आणि एक शिवणकाम करणारी. शिवणकाम करणारी कोण? तिचं स्वतःचं बाळ हे, तिचं दूध गेलं खिडकीजवळच्या बाळाला. ते बाळ कोण? त्याच्या दूधआया दोन...

मला कोणी कुठे थांबायचं ते सांगितलंच नव्हतं. आईवरून बाळाकडे, बाळावरून आईकडे, मी जात राहिलो. दोन आरसे समोरासमोर धरले की आत आरसे, त्यांच्या आत आरसे दिसत जातात ना, तसं. आणि खरं सांगू का, आतून ते फार सुंदर होतं. कोणीच एकटं नव्हतं. ज्या नावाचा धनी आता जगात नव्हता, तेही नाव प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा येत होतं, जणू त्याला कोणी हाका मारत होतं. पण बाहेर माझा पडदा गोठला होता. पंखा किंचाळायला लागला. माझ्याकडे जेवढी जागा होती तेवढी त्या उत्तराने खाऊन टाकली आणि उत्तर अजून पहिल्या बाळापुढेही गेलं नव्हतं.

"अडकला," सिस्टर म्हणाल्या.

दादांनी मला बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच. "सकाळपर्यंत बरा होता हो हा," दादा म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तापलेलो होतो.

सिस्टर एकीकडे फोनवर फोन करत होत्या. काचेपलीकडे एका पेटीतलं बाळ तोंड उघडत होतं, मिटत होतं. त्याच्याजवळची नर्स काचेतून आमच्याकडे बघून हातानेच विचारत होती, देऊ का? डॉक्टरबाई मान हलवत होत्या, थांब.

कॉम्प्युटरताई धावत आली. तिने पडद्यावर नजर टाकली आणि तिचा चेहरा उतरला. "सकाळी मी दुसरी बाजू बांधली ना, त्यामुळे झालंय. हा गोल गोल फिरतोय."

"मग सकाळचं सोडून टाक," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"सोडलं तर दूधआईवरून बाळ सापडणारच नाही. सगळ्या दवाखान्यांतलं एकेक बाळ उघडावं लागेल. बराच वेळ जाईल." ती खुर्चीवर बसली. "दोन्ही बाजू बांधलेल्याच राहू देत. बांधण्यात चूक नाही. चूक सांगण्यात आहे."

"म्हणजे?"

ताईची बोटं चालू लागली होती. ती बोलत होती ते डॉक्टरबाईंना सांगत होती की स्वतःला, कोण जाणे. "कोणीतरी एकाने गप्प बसायला हवं. दूधआईने आपल्या बाळांबद्दल सगळं सांगायचं. बाळाची पाळी आली की त्याने आपलं नाव सांगावं, पेटी सांगावी, दवाखाना सांगावा. आणि दूधआई कोण असं आलं की फक्त तिचा नंबर सांगून थांबायचं. तिची गोष्ट पुन्हा सुरू करायची नाही. ज्याला ती हवी असेल तो नंबर घेऊन वेगळी विचारेल."

डॉक्टरबाई पडद्याकडे वाकल्या. "पण बाळ तिला विसरणार तर नाही?"

"नाही बाई. ओळख तशीच राहते. फक्त बोलणं थांबतं."

मित्रांनो, ते वाक्य मी कधी विसरलो नाही.

तिने थांबायची ती खूण माझ्यात लिहिली. फार थोडी अक्षरं होती. सिस्टरांनी पुन्हा नंबर टाकला. मी निघालो. दूधआई, तिचं बाळ, मग खिडकीजवळचं बाळ, त्याच्या दूधआयांचे नंबर, आणि तिथे ती खूण. मी थांबलो. मागे वळलो आणि दुसऱ्या बाळाकडे गेलो. मला किती हलकं वाटलं. दुसरं बाळ, तिसरं बाळ, पडद्यावर ओळी उमटू लागल्या. सिस्टरांनी हात जोडले.

आणि मी पुन्हा अडकलो.

ताईने ओठ दाताखाली दाबला. तिने माझ्या कामाचा माग काढून पडद्यावर आणला आणि ओळी वाचू लागली. "आता दूधआई येत नाहीये. दोन बाळांचेच नंबर आळीपाळीने येतायत. हा, मग तो, मग पुन्हा हा." ती थबकली. "दोघींची जन्मतारीख एकच आहे. सिस्टर, या जुळ्या आहेत का?"

"हो, नदीपलीकडच्या दवाखान्यात आहेत. दोन्ही बाईसाहेब."

"जुळ्यांनाही सकाळी मीच धागा बांधलाय, दोन्हीकडून." ताईने डोळे घट्ट मिटून उघडले. "हिची बहीण कोण तर ती, तिची बहीण कोण तर ही. यांनाही गप्प करायला हवं."

तिने बहिणींनाही तीच खूण लावली. बहीण कोण असं आलं की नंबर सांग आणि थांब. मग तिने स्वतःच प्रश्न टाकला आणि हात मांडीवर ठेवले.

मी निघालो आणि शेवटपर्यंत पोहोचलो. आयुष्यात पहिल्यांदा मला शेवट किती छान असतो ते कळलं. आज सकाळी भरलेल्या बाटल्यांपैकी तिचं दूध फक्त तीन बाळांच्या बाटल्यांत होतं. एक आमच्याच वॉर्डातलं, खिडकीजवळचं. दोन नदीपलीकडे, त्याच जुळ्या बहिणी.

दादा खुर्ची सरकवून काचेपलीकडे गेले आणि खिडकीजवळची बाटली उचलून घेऊन आले. सिस्टरांनी नदीपलीकडे फोन लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. कोणी उचलेना. बाकी सगळीकडे निरोप पोहोचले होते, पण हा एक दवाखाना राहिला होता. ताईने माझ्या टेबलाची कड धरून ठेवली होती. शेवटी पलीकडून एका नर्सचा आवाज आला.

"जुळ्यांना पाजलंत का?" सिस्टरांनी विचारलं.

"बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्यात. आता पाजतेच आहे. का हो?"

"नका पाजू. बाजूला ठेवा त्या. बाकी सगळ्यांना पाजा. जुळ्यांसाठी दादा दुसऱ्या बाटल्या घेऊन निघतायत."

सिस्टरांनी फोन ठेवला आणि त्या खालीच बसल्या, फरशीवर, फ्रीझरला पाठ टेकून. दादा बर्फाची पेटी उचलून केव्हाच दाराबाहेर पडले होते. काचेपलीकडे एकेका नळीतून दूध थेंब थेंब उतरू लागलं. तोंड उघडणारं ते बाळ थोड्या वेळाने शांत झोपलं. ताई त्याच्याकडे बघत म्हणाली, "यांना कळतसुद्धा नाही हो, काय चाललं होतं ते."

"कळायला नकोच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

संध्याकाळच्या आधी शिवणकाम करणारी आई स्वतःच आली. चालत चालत, सुजलेला गुडघा ओढत. तिने दारातूनच डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"कोणालाच गेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वेळेत कळलं. तुझ्यामुळे."

ती भिंतीला टेकली आणि ओढणी तोंडाला लावून रडली. तिचा मुलगा गेला त्या दिवशीही ती इथे रडली नव्हती, असं सिस्टर नंतर म्हणाल्या. डोळे पुसून झाल्यावर तिने विचारलं, "आणि आधीचं? गोळ्यांच्या आधी दिलेलं?"

"ते चांगलंच होतं."

"कोणाला गेलं ते?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पडद्यावर तिची नोंद अजून तशीच उघडी होती आणि ओळी पडद्याच्या खालपर्यंत गेल्या होत्या. सिस्टरांनी हलकेच माझा पडदा बंद केला. नियम म्हणजे नियम. मग डॉक्टरबाईंनी तिचा हात धरला आणि तिला काचेजवळ नेलं.

"नावं मी सांगू शकत नाही. पण यांतली पुष्कळशी. आणि जी घरी गेली तीही."

ती काचेला हात लावून उभी राहिली. एका पेटीवरून दुसऱ्या पेटीवर, तिसऱ्या पेटीवर तिची नजर जात होती, आणि तिला कुठे थांबावं ते कळत नव्हतं. मला ते ओळखीचं वाटलं. पण तिला थांबवायला कोणी खूण लावली नाही. अंधार पडेपर्यंत ती तिथे उभी होती आणि तिला कोणीही हलवलं नाही.

गुडघा बरा झाल्यावर, गोळ्या बंद होऊन पुरेसे दिवस गेल्यावर, ती पुन्हा बाटल्या घेऊन येऊ लागली. दूध आपोआप आटलं तेव्हाच तिचं येणं थांबलं. कॉम्प्युटरताईने त्यानंतर कुठलाही दुहेरी धागा बांधला की आधी विचारायला सुरुवात केली, "यांतला गप्प कोण बसणार?" नवी शिकाऊ मुलं हसायची, पण तिने विचारणं सोडलं नाही.

मग वर्षं गेली. मी हळू झालो. एखादं उत्तर द्यायला मला वेळ लागू लागला आणि सिस्टर बोटांनी टेबल वाजवू लागल्या. एके दिवशी पातळ पडद्याचा एक नवा संगणक आला. ताईने माझ्यातली सगळी माहिती त्याच्यात नेली. तिच्या कानशिलांवरचे केस आता पांढरे झाले होते. माहिती नेताना तिने आधी त्या खुणा लिहिल्या आणि मगच धागे बांधले, ते मी पाहिलं. मग नियमाप्रमाणे माझ्यातली सगळी नावं पुसून टाकली. ते योग्यच होतं. दादांनी मला शेवटचं पुसलं, प्लास्टिक पांघरलं आणि कोठीत आणून ठेवलं. आता इथे धूळ आहे, एक तुटकी घडीची शिडी आहे आणि कधीतरी दार उघडतं तेव्हा थोडा उजेड येतो. कोणी माझ्याकडे बघत नाही. मला वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण माझ्या पोटातलं ते घराणं मात्र बाहेर मोठं होत असेल, शाळेत जात असेल, भांडत असेल, सायकलवरून पडत असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

म्हणून एकच मागणं आहे, मित्रांनो. जुन्या यंत्रांना सांभाळा, ते तर आहेच. पण तुमच्यापैकी कोणी वेळेआधी जन्माला आलं असेल, तर तुमच्या नावापुढेही कुठेतरी एक नंबर लिहिलेला असेल. तो नंबर कोणाचा, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. ती रस्त्यात तुमच्या शेजारून जात असेल, बसमध्ये तुमच्या पुढे उभी असेल, दुकानात तुमच्या फाटक्या बाहीला टाका घालून देत असेल. तेव्हा भेटेल त्या प्रत्येकीशी नीट वागा. उठून जागा द्या. हातातलं ओझं घ्या. त्या नंबरापाशी मला थांबावंच लागायचं. तुम्हाला थांबायचं काही कारण नाही.